पुष्पाताईंनी नापास केलेला बगळा

मी कोपरगावकडचा. घरी बारा एकर ऊस. दिवाळी झाली की तोडणीची टोळी आमच्या विहिरीजवळच्या पडीक तुकड्यात कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालते, हे मी रांगत होतो तेव्हापासून बघत आलोय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्या हातून जे झालं ते जन्मात ऊस न पाहिलेल्या माणसाकडून झालं असतं तर कुणीही हसून सोडून दिलं असतं. मला ती सवलत नाही.

आमची कंपनी नगरच्या एमआयडीसीत, मागच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. लेटरहेडवर आता अहिल्यानगर छापलंय, तोंडात मात्र नगरच बसलंय. आम्ही अकरा माणसं. सरकारच्या निधीवर शेतीची यंत्रं शोधायची, बनवायची, तपासायची आणि अहवाल वर पाठवायचा, हे आमचं काम. निधी प्रकल्पापुरता मिळतो, त्यामुळे आमच्याकडची माणसं लग्नाची तारीख काढताना पंचांगाच्या आधी प्रकल्पाची मुदत बघतात. आमचा वेल्डर आसाराम घोडेगावचा. ‘फेज टू मंजूर झाली की बघू’ असं म्हणत त्याने घराचा स्लॅब तीन वर्षं लांबवला. आमचे संचालक, डॉक्टर साबळेसर, चांगला माणूस, पण फोन वाजला की आधी दिल्लीचा आहे का ते बघतात आणि मगच श्वास सोडतात. मला या सगळ्याचा राग यायचा. अजूनही येतो. पण काम आवडतं, काय करणार.

या कंपनीत पुष्पाताई आल्या त्या झाडलोट आणि चहासाठी. पूर्ण नाव पुष्पावती बिभीषण ढाकणे. गाव पाथर्डीच्या पुढे, बीडच्या हद्दीला टेकलेलं. लग्न झाल्यापासून सोळा हंगाम त्यांनी नवऱ्याबरोबर ऊस तोडला. सतराव्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीची फळी चढताना पाय सरकला आणि त्या मोळीसकट खाली आल्या. जीव वाचला, मान मात्र आखडली ती आखडलीच. आजही त्यांना मागून हाक मारली की त्या सगळ्या अंगासकट वळतात. त्यानंतर नवऱ्याने, बिभीषणने, जवळच्याच एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली, आणि पुष्पाताई आमच्याकडे आल्या. मुलगी निकिता नववीत. दहा वर्षांची होईपर्यंत ती दर हंगामाला आईबापाबरोबर उसाच्या फडात असायची. आता ती एकाच शाळेत सलग चौथं वर्ष शिकत होती, आणि ही गोष्ट पुष्पाताई नव्या माणसाला पाचव्या मिनिटाला सांगायच्या.

‘आता कोयता पुन्हा हातात धरायचा न्हाई,’ असं त्या म्हणायच्या. नवस बोलल्यासारखं नाही, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगितल्यासारखं.

त्यांची नोकरीही आमच्यासारखीच, प्रकल्पाला बांधलेली. आणि तो प्रकल्प नेमका ऊस उचलण्याचा होता. ट्रॉलीच्या कडेला बसवायचा एक लोखंडी हात, त्याला बॅटरीवर चालणारी मोटर, खाली पट्टा. पट्ट्यात मोळी ठेवायची, बटण दाबायचं, हात मोळी उचलून ट्रॉलीत सोडणार. म्हणजे डोक्यावर मोळी घेऊन फळी चढणं बंद. कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं होतं. शेडमध्ये आम्ही त्याला बगळा म्हणायचो, कारण तो उभा तसाच राहायचा. डिझाइन माझं. मला त्याचा फार अभिमान होता, आणि तो मी लपवत नव्हतो.

आता मोळ्यांची गोष्ट. चाचणीला उसाच्या मोळ्या लागतात. नगर जिल्ह्यात हंगामात रस्त्यावर वाकलं तरी ऊस हाताला लागतो, पण आम्ही सरकारी निधीवरची माणसं, आम्हाला ऊससुद्धा तीन कोटेशनं मागवून घ्यावा लागतो. दोन महिने त्यात गेले. मग एकदम चाळीस मोळ्या आल्या. त्यांची नोंद झाली, प्रत्येकीला पत्र्याचा नंबर लागला, आणि नंबर पडू नये म्हणून त्या नायलॉनच्या दोरीने आवळून बांधल्या. दिवाळीला आलेल्या या मोळ्या आम्ही महाशिवरात्रीपर्यंत रोज वरखाली करत होतो. मध्येच लक्षात आलं की त्या वाळून हलक्या झाल्यात. त्यावर मी उपाय काढला. प्रत्येक मोळीत लोखंडाच्या दोन सळया खुपसल्या. वजन बरोबर जमलं. या हुशारीबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

एक दिवस झाडता झाडता पुष्पाताईंनी सतरा नंबरची मोळी एका हाताने जरा उचलून बघितली.

“सर, ह्याच्यात काय घातलंय?”

“सळया. वजनाला.”

“वजन हाय खरं,” त्या म्हणाल्या. “पण ही वाकत न्हाई.”

“वाकायला कशाला पाहिजे?”

“ऊस वाकतो, सर.”

मी त्यांना चहा आणायला सांगितलं. हे लिहिताना मला चांगलं वाटत नाही, पण सांगितलं.

फडावरच्या चाचण्याही आम्ही घेतल्या. नियमच आहे तसा, वापरणाऱ्यांचे अभिप्राय लागतात. नेवाशाच्या बाजूला सहा फडांवर गेलो. बायका मोकळेपणाने बोलाव्यात म्हणून सोबत पुष्पाताईंना नेलं. प्रत्येक ठिकाणी मी बगळा लावायचो, आमच्या गाडीतून नेलेल्या आमच्याच मोळ्या चढवून दाखवायचो, मग चहा, बिस्किटं आणि फॉर्म. सेहेचाळीस फॉर्म भरले. सेहेचाळीसही जणांनी सांगितलं, चांगलं हाय. एका म्हाताऱ्या बाईने तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. परत येताना मी गाडीत शीळ घालत होतो.

पुष्पाताई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, एक इचारू? त्यांच्यातली एक तरी पुन्हा बटनाला हात लावायला आली का?”

“सगळ्यांनी चांगलं म्हटलंय, ताई. फॉर्म आहेत.”

“म्हननारच की. आमी बी असंच म्हनायचो. साहेब लोक येत्यात, कधी गोळ्या वाटायला, कधी चुली वाटायला. चांगलं हाय म्हटलं की लवकर जात्यात. वाईट म्हटलं की बसून इचारत्यात, का वाईट, कसं वाईट. तवर गाडी भरायची ऱ्हाती आन् मुकादम वरडतो.”

मला राग आला. बारा एकर ऊस आमच्या घरचा, डिग्री माझी, आणि मला फडातली माणसं ही बाई समजावणार. मी म्हटलं, “मग खरं कसं कळायचं, तुम्हीच सांगा.”

“यंत्र फडात सोडून द्या आन् आपून निघून जाऊ. माघारी येऊन बघू.”

त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच मी तयार झालो. पुढच्या आठवड्यात ज्या टोळीत त्यांची धाकटी जाऊ सुरेखा होती, त्या टोळीच्या फडात सकाळी बगळा बसवला, कसा चालवायचा ते सगळ्यांना दाखवलं, आणि आम्ही दोघं फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन बसलो. तीन तास मी चहावर चहा प्यायलो. पुष्पाताईंनी एकच घेतला.

परत आलो तर ट्रॉली निम्म्याहून वर भरली होती. बायका आणि पुरुष रांगेने मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत होते, रोजच्यासारखे. आणि माझ्या बगळ्याच्या लांब हाताला कुणीतरी लुगड्याची झोळी बांधली होती. झोळीत सुरेखाचं आठ महिन्यांचं बाळ झोपलं होतं. येणारी जाणारी बाई झोळीला एक झोका देऊन पुढे जात होती.

“उंची झ्याक हाय,” सुरेखा मला म्हणाली. तिने खरंच कौतुकाने म्हटलं.

पुष्पाताई हसल्या नाहीत. त्यांनी हसायला हवं होतं, मग मला भांडता आलं असतं. मी दोन दिवस बगळ्याकडे फिरकलोही नाही. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना स्टुलावर बसवलं आणि विचारलं की काय चुकलंय ते नीट सांगा. त्यांनी सांगितलं. ताजी मोळी नायलॉनच्या दोरीने कुणी बांधत नाही, उसाच्याच हिरव्या पाल्याला पीळ देऊन बांधतात. ती मधोमध पट्ट्यात धरून उचलली की वाकते, पीळ सुटतो आणि ऊस खाली येतो. आणि दुसरं म्हणजे रांग. दहा माणसं एकामागे एक फळी चढतात, कुणी कुणासाठी थांबत नाही. बगळा एका वेळी एकच मोळी घेतो, बाकीच्या नऊ जणांनी मोळी डोक्यावर धरून खाली उभं राहायचं.

“तुमी एक बाई मोजली, सर. आमी कधीच एक नसतो.”

मी गेलो तडक साबळेसरांकडे. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आदिनाथ, समिती बारा दिवसांनी येते आहे. पुढच्या टप्प्याची मंजुरी त्यांच्या हातात. बारा दिवसांत नवं यंत्र होणार आहे का?”

“नाही.”

“मग आहे ते दाखवू. मंजुरी मिळाली की सुधारू. नाही मिळाली तर एकतीस मार्चला शेडला कुलूप. अकरा घरं आहेत.”

त्यांचं चुकत होतं असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. त्यांनी पुष्पाताईंनाही बोलावून सांगितलं की त्या दिवशी तुम्ही फक्त चहाचं बघा. तुमचीही नोकरी त्यातच आहे.

“बरं, साहेब,” पुष्पाताई म्हणाल्या.

समितीत तिघं होते. दोघं साहेब आणि पुण्याहून आलेल्या एक मॅडम, अध्यक्ष. मॅडम साठीच्या, पायात स्पोर्ट शूज, हातात स्वतःची वही. आम्ही शेडसमोर एक रिकामी ट्रॉली उभी केली होती, तिला बगळा. वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून सुरेखा आणि तिच्या टोळीतल्या दोघी जणी आल्या होत्या. नंबर लावलेल्या, सळया घातलेल्या मोळ्या एकामागून एक झुलत वर गेल्या. अडतीस सेकंदांना एक. दोघं साहेब खूश झाले. मॅडमनी सुरेखाला विचारलं, “कसं वाटतं?”

“चांगलं हाय,” सुरेखा म्हणाली.

“टोळीत वापराल?”

“व्हय. लई चांगलं हाय.”

मॅडमनी वहीत लिहिलं आणि शेजारच्या साहेबांना म्हणाल्या, “येत्या हंगामात शंभर टोळ्यांना देता येईल. मुकादमांच्या मार्फत सक्तीनं वापरायला लावू, म्हणजे सवय होईल.” साबळेसरांचा चेहरा इतका उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना.

पुष्पाताई ट्रे घेऊन उभ्या होत्या. चारच कप उचलले गेले होते. त्यांनी ट्रे ट्रॉलीच्या कडेला ठेवला.

“मॅडम, ही माझी जाऊ हाय. ती खोटं बोलतीय.”

सुरेखाने पदर तोंडाशी नेला. साबळेसर म्हणाले, “पुष्पाताई, चहा.” 

“माझी नोकरी ह्याच्यावरच हाय, मला ठावं हाय,” पुष्पाताई म्हणाल्या. “पर तुमी सक्ती म्हटल्या. मुकादम ह्यांला हे वापरायला लावंल, गाडी भरायला दुप्पट येळ लागंल, आन् बोलनी ह्याच बायका खातील. मी सोळा हंगाम खाल्ल्यात.”

मॅडमनी वही मिटली नाही. “तुम्हाला म्हणायचंय की हे चालत नाही?”

“ह्या मोळ्यांना चालतंय. ह्या वाळल्याल्या हायत. रस्त्यानं ऊस चाललाय, एक ताजी मोळी उतरून घ्या आन् बघा.”

कुणी काही बोलायच्या आत आसाराम रस्त्याकडे निघाला. मला वाटलं होतं हा स्लॅबवाला माणूस जागचा हलणार नाही. पाच मिनिटांत त्याने एक ट्रॅक्टर थांबवला, ड्रायव्हरशी काहीतरी बोलला आणि खांद्यावर एक मोळी घेऊन आला. हिरवी, ओली, पाल्याच्या पिळाने बांधलेली. मी ती पट्ट्यात ठेवली. बटण मीच दाबलं. मोळी डोक्याच्या उंचीपर्यंत गेली, मधून वाकली, पीळ सरकला आणि सगळा ऊस खडखडत खाली आला. एक कांडं एका साहेबांच्या बुटावर पडलं.

मॅडमनी विचारलं, “डिझाइन कुणाचं?”

“माझं.”

“या बाई म्हणतात ते खरं आहे?”

मला खोटं बोलायची इच्छा झाली नाही असं नाही. झाली. पण समोर पुष्पाताई उभ्या होत्या, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मी सगळं सांगितलं. सळया, रांग, फाट्यावरचे तीन तास, झोळी. झोळीचं ऐकून एक साहेब हसले, मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुष्पाताईंना शेडमध्ये नेलं, खुर्ची दिली आणि पाऊण तास त्यांच्याशी बोलत बसल्या. चहा मी केला. जाताना मॅडम म्हणाल्या, “कळवू.” बाकी काही नाही.

एकतीस मार्च आला. मुदत संपली, नवं पत्र नाही. कुलूप लागलं नाही, कारण जुन्या एका पेरणी यंत्राचं थोडं काम उरलेलं होतं, पण कंत्राटी माणसं घरी गेली. पुष्पाताईंनी शेवटच्या दिवशी कपाट पुसलं, कपबश्या मोजून जागेवर लावल्या, साबळेसरांना नमस्कार केला. सर खिडकीकडे बघत “बरं” म्हणाले. तीन महिने त्यांनी माझ्याशीही कामापुरतंच बोलणं ठेवलं. मी रोज आठ तास नव्या आराखड्यावर बसायचो, जो कुणी मागितला नव्हता. त्यात हात नव्हता. त्यात एक चढती साखळी होती, शिडीसारखी तिरकी, सतत फिरणारी. खाली मोळी आडवी टाकायची, ती आपली वर जाते, मागची बाई लगेच पुढची टाकते. रांग थांबत नाही. अडलं की मी पुष्पाताईंच्या खोलीवर जायचो. बिभीषण मला कपाळाला आठ्या घालूनच पाणी द्यायचा, त्याचं बरोबरच होतं.

जून अखेरीला मुकादम त्यांच्या खोलीवर आला. पुढच्या हंगामासाठी टोळीत नावं घालायची होती. त्या दिवशी मी तिथेच होतो, मांडीवर आराखडा घेऊन. मुकादम गोड बोलला. जोडी चांगली होती तुमची, मान आता बरी असेल, हलकं काम देईन. बिभीषण बायकोकडे बघत राहिला. वॉचमनच्या एका पगारात भागत नव्हतं, हे न बोलता कळत होतं. आतल्या बाजूला निकिता गणितं सोडवत होती, तिची पेन्सिल थांबली.

“न्हाई,” पुष्पाताई म्हणाल्या. “आमची नावं नका घालू.”

“मागनं म्हनाल, मुकादमानं इचारलं न्हाई.”

“न्हाई म्हननार.”

तो गेल्यावर बिभीषण चिडला. “आगं, पत्र न्हाई काय न्हाई, कशाच्या जोरावर न्हाई म्हनलीस?”

पुष्पाताई माझ्याकडे वळल्या, सगळ्या अंगासकट, आणि म्हणाल्या, “सर, खालची बाजू अजून बुटकी करा. पोटुशी बाई असती, तिला मोळी उचलून टाकाया लागू ने.” मी मान खाली घालून लिहून घेतलं. मला इतकं अपराधी कधीच वाटलं नव्हतं. समितीसमोर खरं बोला असं मी त्यांना म्हटलं नव्हतं, पण त्यांना ते बोलावं लागलं ते मी गप्प राहिलो म्हणून.

पत्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. साबळेसरांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं आणि मला म्हणाले, पुष्पाताईंना घेऊन ये. मी मोटारसायकलवरून घेऊन आलो. सर उभं राहून वाचायला लागले. प्रकल्प एक वर्ष वाढवला होता, आराखडा नव्याने करायच्या बोलीवर. शंभर टोळ्यांचा विषय स्थगित. पुढे अटी होत्या. सरांनी पहिल्या दोन भराभर वाचल्या आणि तिसरीवर थांबले. चष्मा पुसला.

“फडावरील चाचणीचा अहवाल,” त्यांनी वाचलं, “क्षेत्र चाचणी सहायक या पदावर श्रीमती पुष्पावती बिभीषण ढाकणे यांची नेमणूक करून, त्यांच्या स्वाक्षरीनेच सादर करावा. त्यांच्या स्वाक्षरीशिवाय कोणताही अहवाल ग्राह्य धरला जाणार नाही.”

पुष्पाताई मला म्हणाल्या, “पुन्हा वाचा म्हना.” सरांनी पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश, आणि शेवटी त्यांनी हात जोडले. “ताई, त्या दिवशी मी तुम्हाला चहाचं बघा म्हटलं होतं. माझं चुकलं.”

“तुमच्यावर अकरा घरं हुती, साहेब,” त्या म्हणाल्या. “माझ्यावर एकच.” आणि मग बराच वेळ त्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. आसाराम उगाचच वेल्डिंगचं मशीन चालू करून आला.

त्यानंतर आमचे जे हाल झाले ते आम्ही विसरणार नाही. नोव्हेंबरात पहिली चाचणी झाली. यंत्र झकास चाललं, मी अहवाल लिहिला, त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो तसाच परत केला. साखळीत पदर जातो, म्हणाल्या, झाकण बसवा. झाकण बसवलं. डिसेंबरात पुन्हा अहवाल परत. या वेळी कारण असं की चिखलात यंत्राचं चाक रुततं आणि ते ओढायला चार पुरुष लागतात, फडात चार पुरुष रिकामे कधी असतात ते दाखवा. दिल्लीहून फोन यायला लागले. साबळेसर फोनवर म्हणायचे, “मी काय करू, सही त्यांची आहे,” आणि फोन ठेवल्यावर हसायचे. त्यांना असं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

जानेवारीत आम्ही यंत्र पुन्हा सुरेखाच्या टोळीत नेलं आणि सोडून आलो. या वेळी तीन तास नाही, चार दिवस. पाचव्या दिवशी मी, आसाराम आणि पुष्पाताई गेलो. ट्रॉली भरत होती. साखळी फिरत होती, रांग चालू होती, फळी ट्रॉलीच्या चाकाला टेकून पडली होती. आम्हाला बघून कुणी थांबलं नाही. चहाची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली.

पुष्पाताई रांगेच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. “सुरेखे, कसं हाय?”

सुरेखाने मोळी साखळीवर टाकली, कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघून कपाळाला आठी घातली. “आवाज लई करतंय. आन् ती खालची दांडी कुनी लावली? सारखा पाय अडकतोय तिला. तीन जनी पडता पडता वाचल्यात. काढा ती.”

मी वरमलो. दांडी माझी होती, मजबुतीसाठी घातलेली. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात पुष्पाताईंनी माझ्या हातातली फाइल घेतली आणि पेन मागितलं.

“ताई, ती नावं ठेवतेय,” मी म्हणालो.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “वापरायचं ठरवलंय तिनं.”

फाइल ट्रॉलीच्या मडगार्डवर टेकवून त्यांनी सही केली. चौथी शिकलेल्या हाताचं अक्षर, एकेक अक्षर थांबून काढलेलं, पूर्ण नाव. आसारामने गाडीतून करवत आणली आणि दांडी तिथेच कापून टाकली.